तापाची लॉग फाईल

अधूनमधून येणारा बग लॉगशिवाय सापडतो का राव? आमच्या कोल्हापूरच्या ताईच्या पोराला दर महिन्याला ताप यायचा. तीन दिवस फणफणणार, मग एकदम ठणठणीत! दरवेळी अँटिबायोटिक. शेवटी ताई कॅलेंडरवर तारीख, ताप, पोटदुखी, पुरळ लिहायला लागली. नव्या डॉक्टरांनी ते बघून सीआरपी तापात तपासलं, बऱ्या दिवसांतही तपासलं आणि जनुकीय तपासणी सांगितली. रिपोर्ट यायचाय.

एफएमएफ या आनुवंशिक तापाचं जनुक १९९७ मध्ये सापडलं. पण रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे आजार नाहीच, असं नसतं. म्हणून नोंदी महत्त्वाच्या. निदान राहून गेलं तर पुढे किडनी जाऊ शकते. आणि हे अटॅक कोल्चिसिनने थांबतात, हे १९७२ पासून माहीत आहे! (आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीतही तेच असतं, पण ती विषारी, घरगुती प्रयोग नकोत.)

ओळखीत असं पोर असेल तर त्याच्या आईला एवढंच सांगा: तारखा लिहा.