पंधरा किलोचा भीम

धृतराष्ट्राने मिठीत चुरडला तो भीम लोखंडाचा होता, हे आपण लहानपणीच ऐकलेलं असतं. त्याचं वजन काही कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण त्याला नुसतं उभं राहायचं होतं. आमच्या भाच्याच्या भीमाला पळायचंही आहे, आणि 15 किलोच्या वर गेला की तो आखाड्याबाहेर!

भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. ज्या गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून पोरांना घाम गाळायला लावतंय, तिथं यानं पहिलवान तयार करायला घेतला तो पत्र्याचा. यंत्रांच्या अशा कुस्त्या मुंबईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये होतात. तिथं 60 किलोचे गडी असतात. याचा 15 किलोचा, कारण पैसे माझ्या बहिणीचे. स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी तिनं आमच्याच शाखेत रिकरिंग काढलेलं. ते मोडायचा अर्ज माझ्याच टेबलावर आला, तेव्हा मी कॅलक्युलेटर पिशवीत टाकून अकोल्याहून एस.टी. धरली.

"मामाजी, तुमाले मोटारीतलं काय समजते?"

"शिलकीतलं समजते," मी म्हणालो.

त्याला सगळा पत्रा पोलादी हवा होता. मी हिशेब मांडला : 40 सेंटिमीटर चौरस, 3 मिलिमीटर जाड, वर एक, खाली एक, साडेसात किलो. म्हणजे पहिल्या तारखेलाच निम्मा पगार घरभाड्यात! तेच पत्रे ॲल्युमिनियमचे घेतले तर 2.6 किलोत बसतात. ॲक्रिलिक दिसायला देखणं, पण घाव बसला की तडकतं. पॉलिकार्बोनेट वाकतं, सहसा फुटत नाही. (आमच्या शाखेत असा एकच माणूस आहे. सगळी कामं त्याच्याकडेच असतात.) शेवटी खाली ॲल्युमिनियम, वर पॉलिकार्बोनेट आणि पोलाद फक्त पुढच्या पात्यापुरतं, असा तह झाला.

खरं भांडण मोटारीवरून. भंगारात जुन्या कारच्या वायपरच्या मोटारी मिळत होत्या. 12 व्होल्टच्या, दणकट, स्वस्त. त्या घेतल्या तर ओटा वाचत होता. पण मिनिटाला फेरे साठेक. 10 सेंटिमीटरच्या चाकावर सेकंदाला फूटभर चाल. एवढ्या वेगानं तर आमच्या बँकेत फाईलसुद्धा सरकते! तीनशे फेऱ्यांची गिअरवाली मोटार सेकंदाला पाच फूट पळवते, पण तिच्या किमतीत ओट्याची फरशी जाते. शिवाय चाक अडकलं की मोटार करंट बेसुमार ओढते. बॅटरी आणि वायर त्या घडीला पुरेल अशी घ्यायची, नाहीतर धूर. कापूस बुडाला तर हप्ता कुठून येईल, हे पाहून कर्ज द्यावं, तसंच हे.

मी ओट्याच्या बाजूनं बोलत होतो. बहीण आतून म्हणाली, "ओटा काय पळून चालला, भाऊ? पोरगं मात्र पुढच्या वर्षी पास होऊन जाईन. मोडा ते रिकरिंग."

मोडलं. भीम उभा राहिला. किराणा दुकानातल्या काट्यावर भरला 14 किलो 880 ग्रॅम. उरलेल्या 120 ग्रॅमवर सध्या वाद आहे. भाच्याला लाल रंग द्यायचाय. बहीण मात्र मलाच बाजूला घेऊन विचारते, "एवढ्यात एक लिंबू अन् सात मिरच्या बसते का, पाहा ना."