तपकिरी टँक

ब्रिटिश टँकची प्रतिकृती रंगवायला घेतली की पहिला प्रश्न ‘कुठला हिरवा?’ असा पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या निम्म्या काळासाठी त्याचं खरं उत्तर ‘हिरवा नाहीच’ असं आहे. माझ्या टेबलावर सध्या १:७२ मापाचा चर्चिल उभा आहे. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर. तो तपकिरी आहे.

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी सावनेरमधून कोड लिहितो. इथे रंग म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातल्या ॲक्रिलिकच्या ट्यूबा, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातला ऑइलपेंट. प्रतिकृतींसाठीचे खास रंग बाहेरून मागवावे लागतात आणि ते महाग असतात. त्यामुळे बाटली मागवण्याआधी भरपूर वाचणं होतं. वाचताना लक्षात येतं की टँकचा रंग कलाकारापेक्षा कोठारबाबूने जास्त ठरवलेला असतो.

युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश लष्करी गाड्यांचा मूळ रंग खाकी हिरवा होता. टिकाऊ हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड लागतं. त्याची टंचाई झाली, तेव्हा १९४१च्या अखेरीस ‘एससीसी २’ नावाचा तपकिरी रंग मूळ रंग म्हणून ठरवण्यात आला. एससीसी म्हणजे ‘स्टँडर्ड कॅमफ्लाज कलर’. पुढे अमेरिकन टँक आणि ट्रक मोठ्या संख्येने येऊ लागले. ते ऑलिव्ह ड्रॅब रंगातच यायचे. प्रत्येक गाडी पुन्हा रंगवत बसण्यापेक्षा आपलाच रंग त्याच्याशी जुळवून घ्यावा, म्हणून एप्रिल १९४४मध्ये ‘एससीसी १५’ आला. मात्र जुना साठा संपेपर्यंत वापरायचाच होता. त्यामुळे त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या सैन्यात दोन्ही रंगांच्या गाड्या असू शकत होत्या. ‘चर्चिलचा रंग कोणता?’ या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कोणत्या महिन्यातला, कुठे असलेला, हे आधी विचारावं लागतं.

वाळवंटातली गंमत आणखी वेगळी. १९४०-४१मध्ये इजिप्त आणि लिबियात ब्रिटिश टँकवर सरळ कडांचे तिरके पट्टे असत. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. फिकट दगडी रंगावर ‘सिल्व्हर ग्रे’ आणि गडद ‘स्लेट’. हा सिल्व्हर ग्रे प्रत्यक्षात हिरवट राखाडी होता. पण कित्येक वर्षं संग्रहालयांतल्या टँकवर आणि प्रतिकृतींच्या खोक्यांवर तिथे चक्क आकाशी निळा दिसत राहिला. माइक स्टार्मर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुनी फर्मानं आणि रंगांचे मूळ नमुने तपासून हा निळा उतरवला. तरी तो पुरता गेलेला नाही. निळा माटिल्डा देखणा दिसतो, हीच त्याची ताकद.

मग जुने फोटो पाहावेत, तर ते कृष्णधवल. शिवाय ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी असते. लाल गडद येतो, निळा फिकट. त्यामुळे फोटोतल्या राखाडी छटेवरून मूळ रंग ओळखता येत नाही. प्रत्यक्ष टँक पाहायचा तर आपल्याकडे नगरला सोय आहे. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये, जे १९९४ साली सुरू झालं, माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल तिन्ही आहेत. मी त्यांच्याभोवती बराच वेळ फिरलो. आकार, रिव्हेट, चाकांची रचना शिकायला त्यासारखी जागा नाही. रंगाबाबत मात्र उघड्यावर उभा असलेला टँक फारसं काही सांगू शकत नाही. तिथला रंग त्या टँकची आज काळजी घेणाऱ्यांचा, १९४२चा नव्हे.

माझ्या पेशात रंग म्हणजे सहा अक्षरांचा हेक्स कोड. तो एकदा मिळाला की प्रश्न मिटला, असं वाटतं. पण तो कोड बहुधा कुणाच्या तरी कॅमेऱ्याने, कुठल्याशा उजेडात, ऐंशी वर्षं जुन्या रंगपट्टीवरून टिपलेला असतो. शिवाय रंगद्रव्यं वेगळी असली, तर ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेल्या दोन छटा अंगणातल्या उन्हात एकमेकींना ओळख दाखवत नाहीत.

मी या सगळ्यात असताना आमच्या घरातही एक फोटो रंगला. आजोबा खाप्याजवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीत कामाला होते. त्यांचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, अर्थात कृष्णधवल. वर्षश्राद्धासाठी काकांनी तो मोबाइलच्या ॲपमधून रंगीत करून आणला. सदरा सुंदर निळा झाला होता. सगळ्यांना आवडला. आजीने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “निळा कायचा? मांजरपाट होता तो. रंगीत कपडा घ्यायले पैसे होते का त्या टायमाले?”

ॲपची चूक म्हणावी तर तशी नव्हती. त्याला सदरा ठाऊक, टंचाई ठाऊक नाही. निळ्याने आजोबा छान दिसत होते, पण त्या वर्षीचं घर पुसलं गेलं होतं. काकांनी रंगीत फोटो मोबाइलवर ठेवला. भिंतीवर जुनाच लागला.

लोक विचारतात की एवढ्याशा खेळण्याचा रंग अचूक असला काय, नसला काय. माझ्या मते तपकिरी चर्चिल हिरवा रंगवला की तो टँक राहतो, फक्त कुणाकडे काहीतरी संपलं होतं ही बातमी त्याच्यावरून जाते. आणि इतिहासातल्या बऱ्याचशा गोष्टी काहीतरी संपल्यामुळेच घडलेल्या असतात.

माझा चर्चिल १९४३चा आहे, ब्रिटनमध्येच सरावावर असलेला. तपकिरीत मी थोडा पांढरा मिसळला आहे, कारण इवल्या पृष्ठभागावर तोच रंग जास्त गडद वाटतो. किती मिसळायचा यावर एकमत नाही. मी सकाळी दहाच्या उन्हात, छपरीत बसून ठरवलं. आता त्यावर काळपट पट्टे द्यायचे आहेत. ते कोरडे झाले की माटिल्डा घेईन, हिरवट राखाडी पट्ट्यांचा.