उत्तरायणाची वाट

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात राहणाऱ्या माणसाला उत्तरायणाची आठवण पंचांगाने करून द्यावी लागत नाही. सिद्धेश्वरांचे नंदिध्वज रस्त्यांतून निघाले, होम मैदानावर गड्ड्याची दुकाने उभी राहिली, की ती वर्दी आपोआप घरोघर पोहोचते. आमच्या घरी या दिवसांना एका कथेचीही जोड असे. तिळगूळ वाटून झाला की आमचे अण्णा शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहणाऱ्या भीष्मांची गोष्ट सांगत. जन्मभर त्यांनी शाळेत संस्कृत शिकवले होते. वयाची ऐंशी उलटल्यावर मात्र ते गोष्टीच्या शेवटी हसून एक पुस्ती जोडू लागले, "इच्छामरणाचा वर भीष्मांना त्यांच्या बापाने दिला. माझे वडील केव्हाच गेले. आता मला तो वर मुलाकडूनच मागावा लागणार!"

आम्ही सारे हसत असू. म्हाताऱ्या माणसाच्या विनोदात कधी कधी अर्ज दडलेला असतो, हे ओळखण्याइतके शहाणपण माझ्या पदव्यांनी मला दिले नव्हते.

पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यातून ते उठले तेव्हा विनोद बाजूस ठेवून त्यांनी मला स्पष्टच सांगितले, "दुसरा आला तर मला घरीच राहू दे. देवाचे नाव घ्यायला नळी लागत नाही." मी "बरे" म्हटले. २०१९ साली दुसरा झटका आला आणि अर्ध्या तासाच्या आत मी त्यांना रुग्णवाहिकेत घातले. पुढे कृत्रिम श्वासाच्या यंत्राचा प्रश्न निघाला, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूस घेऊन शांतपणे विचारले, "आजोबांची स्वतःची काही इच्छा होती का?" अण्णांचे वाक्य मला शब्दशः आठवत होते. तरीही "शक्य असेल ते सारे करा," असे सांगून मी सही केली. भाऊ पुण्याहून निघाला होता, बहीण रडत होती, आणि 'प्राध्यापकाने पैशाकडे पाहिले' असे कोणी म्हणेल याची मला धास्ती होती. प्रेम नव्हते असे नाही. परंतु त्या सहीमागे प्रेमापेक्षा भीतीच अधिक होती.

अण्णा त्यानंतर सतरा दिवस होते. शरीराची उजवी बाजू गेली होती. डावा हात तेवढा हले, आणि तो वारंवार नळीकडे जाई. म्हणून तो कापडी पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधून ठेवण्यात आला. परिचारिकेचा त्यात काही दोष नव्हता. माझ्या सहीबरहुकूम ती आपले काम करीत होती. परंतु वाचा गेलेल्या माणसाने दिलेले ते उत्तर होते, आणि तेही आम्ही बांधून ठेवले होते.

अरुणा शानभाग यांची हकीकत वाचकांना ठाऊक असेलच. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी अत्याचार झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच अंथरुणास खिळून राहिल्या. त्यांना या यातनेतून मुक्त करावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी केला. ज्या परिचारिकांनी वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा केली त्यांनी त्यास विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज अमान्य केला. तथापि उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवरक्षक उपचार थांबविता येतील, असे त्याच निकालात सांगितले. मला यात लक्षणीय वाटते ते हे की दोन्ही पक्ष करुणेनेच बोलत होते. बोलू शकत नव्हत्या त्या एकट्या अरुणा. शुद्धीत असताना माणसाने आपले म्हणणे स्वतःच सांगून ठेवले पाहिजे, याहून मोठा पुरावा त्यासाठी कोणता हवा?

तशी सोय आता आहे. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आगाऊ लिहून ठेवलेले इच्छापत्र, दोन्ही मान्य झाली. प्रथम त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, म्हणून ते बहुतेक कागदावरच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने हा मार्ग सोपा केला. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करता येते. उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी संमती द्यावी लागते.

आपल्या संस्कृतीला हा विचार परका आहे, असे म्हणणाऱ्यांना मी कुंथलगिरीची आठवण देतो. बार्शीच्या बाजूच्या या जैन क्षेत्री आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. वीस वर्षांचे अण्णा तेव्हा दर्शनास गेले होते. पवनारला विनोबांनी १९८२ साली अन्न व औषध नाकारले, तेही महाराष्ट्राने पाहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना ही आत्महत्याच ठरविली, परंतु त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. जीवनाला कंटाळून पळणे निराळे आणि जीवन पुरे झाले असे ओळखणे निराळे, हा विवेक आपल्या लोकांपाशी पूर्वीपासून आहे.

माझे मत मी येथे थांबवीत नाही. रोग असाध्य आहे, वेदना अनावर आहेत, बुद्धी स्वच्छ आहे, आणि मागणी पुनःपुन्हा स्वतःचीच आहे, अशा माणसाला डॉक्टरांचे साह्य मिळावे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायद्याने ते मिळते. आपल्याकडे तो अद्याप अपराध आहे. यावरील आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्या शहरात विडी वळणाऱ्या बाईला औषधाच्या खर्चापुढे हात टेकावे लागतात, तेथे 'मला जाऊ द्या' हे शब्द तिचे की तिच्या दारिद्र्याचे, हे कोण ठरविणार? वारसांचा लोभही आहेच. म्हणून वेदनाशामक उपचार आधी गरिबाच्या दारी पोहोचले पाहिजेत, असे मी म्हणतो. ज्याला जगण्याची खरी सोय नाही, त्याच्या मरणाच्या निवडीला निवड म्हणता येत नाही. परंतु याच कारणासाठी ज्याची निवड खरी आहे त्याचाही हात बांधून ठेवावा, हे मला पटत नाही.

गेल्या संक्रांतीला मी व माझ्या पत्नीने आपापली इच्छापत्रे लिहिली. मी यंत्र व नळी दोन्ही नाकारली. तिने लिहिले, "पंधरा दिवस सर्व प्रयत्न करा, मग थांबा." तीस वर्षे एका घरात राहूनही तिचे उत्तर मला आधी सांगता आले नसते. निर्णयाची जबाबदारी मुलीवर सोपविली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, सणाच्या दिवशी हे काय?" मी तिला अण्णांच्या डाव्या हाताची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. दोन्ही कागद तिने दोनदा वाचले, घडी घालून आपल्या पिशवीत ठेवले आणि मग माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.