एका फियाटच्या जीर्णोद्धाराची तजवीज

माझ्या थोरल्या मामांची १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट, त्यांच्या निधनानंतर, सांगलीच्या गावभागातून माधवनगरला आमच्या परसातील शेडमध्ये आणली, तेव्हा तिला पुन्हा रस्त्यावर चालती करावयाची हा निश्चय मी मनोमन केला. परंतु ज्याने उभे आयुष्य बँकेच्या जमाखर्चात घालविले आणि ज्यास यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण मुळीच नाही, अशा माणसाने या कार्यास हात घालावयाचा तर पाना उचलण्यापूर्वी वही उघडावी, असे मला वाटत आले आहे. गाडीची फेरिस्त, कामांचा क्रम, खर्चाचे अंदाजपत्रक आणि सरकारी कागद, अशा चार सदरांची ती वही आता निम्म्याहून अधिक भरली आहे.

या मोटारीविषयी मला जो जिव्हाळा वाटतो, तो केवळ मामांमुळे नव्हे. विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांचे नाव धारण करते, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने या गाड्या तयार होऊ लागल्या. चार सिलिंडरांचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि चारही चाकांस ड्रमचे ब्रेक, एवढ्या साध्या सामग्रीवर आमच्या पिढीतील कितीतरी कुटुंबांनी कुलदैवतांचे प्रवास केले. याच घराण्यातील पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून चालत असेपर्यंत सुट्या भागांची ददात नव्हती. परंतु ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही टॅक्सीच्या सेवेतून निवृत्त झाली, आणि म्हणून रबरी पट्ट्या, ब्रेकचे सिलिंडर, इंधनपंपाचे पडदे असा माल, तो आज लागो वा न लागो, हाती येईल तेव्हा घेऊन ठेवावा, हे कलम मी अंदाजपत्रकात सर्वांत वर लिहिले आहे.

खरे संकट मात्र पत्र्याचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि मामांची गाडी जागच्या जागी पाण्यात उभी राहिली. पूर ओसरल्यावर वरचा चिखल मामींनी धुऊन काढविला, तथापि दारांखालच्या पोकळ पत्र्यात, ज्यास आमच्याकडील डेंटर मंडळी रनिंग बोर्ड म्हणतात, जो गाळ शिरला तो तेथेच राहून ओल धरीत गेला. जीपगाडीस स्वतंत्र चासी असते, तिच्यावरील बॉडी उचलून बाजूस ठेवता येते; फियाटची रचना तशी नाही, तिची जमीन, खांब आणि हे रनिंग बोर्ड मिळूनच तिचा सांगाडा होतो. ते एकदम कापले तर गाडी मधोमध वाकून दारे पुन्हा कधीच नीट बसावयाची नाहीत. सबब दारांच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या तात्पुरत्या जोडून, फटींची मापे वहीत उतरवून, एका वेळी एकच बाजू कापावयाची आणि ती पुरी सांधल्यावाचून दुसरीस हात लावावयाचा नाही, असा क्रम ठरला आहे. हा क्रम मला कुपवाडच्या एका वृद्ध मिस्त्रींनी समजावून दिला. मी रंगाची चौकशी करू लागताच ते म्हणाले, “साहेब, रंगाचं शेवटी बघू. आधी गाडीखाली झोपा आणि पत्रा ठोकून बघा. जिथं आवाज बसका येतोय, तिथं खडूनं खूण करा.” त्यांच्या त्या एका वाक्याने माझ्या वहीतील अर्धी पाने निकालात निघाली आणि उरलेल्यांना अर्थ आला.

इंजिनाविषयी मी तितका चिंताक्रांत नाही. ते जाम आहे. प्लगच्या छिद्रांतून डिझेल आणि तेल सोडून ते मुरू द्यावयाचे, मग पुलीच्या नटास पाना लावून हलक्या हाताने फिरवावयाचे, आणि सुटल्यावर उघडून ६८ मिलिमीटरचा मूळ बोअर कितपत झिजला ते मोजावयाचे. ज्या मुलखात शेतीपंपांची ऑइल इंजिने पिढ्यान् पिढ्या दुरुस्त होत आली, किर्लोस्करवाडी ज्याच्या शेजारी आहे आणि कोल्हापूरचे उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे, तेथे बोअर करणारा आणि क्रँक घासून देणारा कुशल हात मिळणे दुर्लभ नाही.

तथापि हितचिंतकांचा एक सल्ला मी निक्षून नाकारला आहे. डिझेलचे किंवा एखाद्या अर्वाचीन गाडीचे इंजिन बसवा, म्हणजे कटकट मिटेल, असे अनेक जण कळकळीने सांगतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस व्हिंटेज म्हणून २०,००० रुपये शुल्कावर दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते. अट एवढीच की तिचे मूळ रूप कायम असावे, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या वा धंद्याच्या वापरात नसावी. पण नियम नसता तरी माझा निर्णय हाच राहिला असता. ज्या इंजिनाचा नाद मामांच्या येण्याची वर्दी देई, तेच काढून टाकल्यावर उरेल ते केवळ फियाटच्या आकाराचे कवच. त्याचप्रमाणे कारखान्यातून निघताना जेवढी झळाळी तिला होती, तिच्याहून अधिक मला नको.

तूर्त वारसाहक्काने गाडी मामींच्या नावे करण्यासाठी ३१ क्रमांकाचा नमुना भरून परिवहन कार्यालयात दिला आहे. मामींचा आग्रह एकच, “रंग तोच ठेव हो बाळ.” डिकीच्या रबराखाली मूळचा फिकट राखाडी रंग शाबूत सापडला असून त्याचा नमुना रंगाऱ्याकडे पोचला आहे. पावसाळा सरताच उजवी बाजू कापावयास घ्यावयाची. तोपर्यंत वेल्डिंगच्या पत्र्याचे आणि मजुरीचे दरपत्रक मिस्त्रींकडून लेखी घेणे, एवढे एक काम बाकी आहे.