न दिसणाऱ्याचं मोजमाप

आमच्या घरात भाच्याच्या कामाचा विषय निघाला की बोलणं तिथंच थांबतं. तो पदार्थविज्ञानात पीएच.डी. करतोय, एवढं सगळ्यांना ठाऊक. पण नेमकं काय करतो, हे बहिणीलाही शेजारणीला सांगता येत नाही. भावोजींचं म्हणणं सरळ आहे : दिवसभर संगणकच चालवायचा, तर पुण्यात नोकरी धरून चालव, पगार तरी मिळेल. म्हणून तो नगरला आला (आता अहिल्यानगर म्हणायचं), तेव्हा आम्ही त्याला हिवरे बाजारला नेलं. घरापासून दूर माणूस मोकळं बोलतो.

पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, नंतर चर, बांध, झाडं, २०२० ची पद्मश्री हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. आम्हाला मोलाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. जमिनीखालचं पाणी कुणी पाहिलेलं नाही. विहीर सांगेल तेवढंच कळतं.

भाचा म्हणाला, "मामू, आमचंही असंच आहे. फक्त आमच्या विहिरीत दोरी सोडता येत नाही."

मग त्यानं सांगितलं. टोकामॅक नावाच्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रानं अधांतरी धरून ठेवतात. हायड्रोजनच्या जड भावंडांचं मीलन घडवायचं तर तो दहा कोटी अंशांच्या वर तापवावा लागतो. पण त्यात सतत भोवरे उठतात आणि उष्णता बाहेर वाहून नेतात. आत काही घालावं तर ते जळून जाईल. म्हणून बाहेरून सूक्ष्मलहरींचा झोत तिरका सोडतात. घनता वाढत जाते तशी लहर वळते, पण भोवरे तिचा थोडासा अंश आल्या वाटेनं परत फेकतात. परतलेल्या लहरीची कंप्रता किती सरकली, त्यावरून भोवऱ्यांचा वेग कळतो.

त्याचं काम पुढचं. तो संगणकात खवळलेला प्लाझ्मा उभा करतो. त्यातला प्रत्येक भोवरा त्याला माहीत असतो. त्यात मॅक्सवेलच्या समीकरणांनी लहर पाऊल-पाऊल पुढे चालवायची आणि परत काय येतं ते बघायचं. गंमत इथंच आहे. खळबळ कमी असेल तोवर प्रतिध्वनी तिच्या मापानं वाढतो. फार वाढली की लहर वाटेतच अनेकदा विखुरते आणि प्रतिध्वनी त्या प्रमाणात वाढत नाही. ज्यानं नुसत्या प्रतिध्वनीवर भरवसा ठेवला, तो खळबळ कमी समजणार. खाली निमुळत्या होत गेलेल्या विहिरीची नुसती पातळी बघून पाण्याचा अंदाज करावा, तसं.

भावोजींची शंका पोकळ नाही. होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत दोन दशकांत नियंत्रित मीलन साधेल असं भाकीत केलं होतं. सत्तर वर्षं उलटली. गांधीनगरचा 'आदित्य' टोकामॅकही १९८९ चाच. वीज अजून कुठल्याच टोकामॅकमधून घरात आलेली नाही. तरीही, मोजणारा आधी लागतो, असं आम्हाला वाटतं. ताळेबंद चुकला तर नुसत्या बांधांनी हिवरे बाजार तरला नसता.

रात्री फोनवर भावोजींनी विचारलं, "उस प्रतिध्वनी का भरोसा कितना?"

"वही तो निकाल रहा हूँ, अब्बा."

शिष्यवृत्तीचं एक वर्ष उरलं आहे. तेवढी मुदत भावोजींनी दिली आहे.