वासाचे टिपण

शासकीय सेवेत असताना आम्ही आयुष्यभर टिपणे लिहिली. जमिनीचे क्षेत्र, तलावातील पाणी, पिकांची आणेवारी, रस्त्याची लांबी, या साऱ्यांना आकडे होते आणि आकड्यांखाली सही करताना हात कधी कचरला नाही. निवृत्तीनंतर मात्र एका अत्तराच्या बाटलीवर टिपण करण्याची वेळ आली, तेव्हा आपली भाषा या बाबतीत किती तोकडी आहे ते उमगले. रंगाला तांबडा, हिरवा म्हणता येते. चवीला आंबट, तुरट म्हणता येते. वासाला मात्र खमंग, कुबट, खवट, उग्र अशी चार-सहा विशेषणे संपली की उसनवारी सुरू होते. मोगऱ्याचा वास, रॉकेलचा वास, नव्या वहीचा वास! ज्याने मोगरा हुंगलेला नाही त्याला तो सांगायचा कसा?

आमच्यापुढील प्रश्न याहून थोडा निराळा होता. आमच्या सौ.ने मोगरा साठ वर्षे हुंगला होता. आता तिला तो येत नव्हता. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आम्ही दोघेही इंदुरातील घरी अंथरुणाला खिळलो. ताप उतरला, अशक्तपणा गेला, पण तिचे घ्राणेंद्रिय परतले नाही. दूध करपले तरी तिला कळत नाही. फोडणी ती मोहरीच्या तडतडण्यावरून, म्हणजे कानाने करते. डॉक्टरांनी घ्राणाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, मन लावून, कित्येक आठवडे हुंगायचे. आमच्याकडे हा नेम आठवड्यांवर न थांबता वर्षांवर गेला. लवंग तिला अधूनमधून ओळखू येते. निलगिरीचा गारवा नाकाला झोंबतो, पण तो वास नव्हे, स्पर्श आहे, असे तीच म्हणते. गुलाब आणि लिंबू अद्याप मौन पाळून आहेत.

अशा घरात विहीणबाई परदेशच्या प्रवासाहून परतताना एक उंची अत्तर घेऊन आल्या. सौ.ची अडचण त्यांना ठाऊक नव्हती आणि तिनेही ती सांगितली नाही. हसून बाटली घेतली, हळदकुंकू लावले. त्या गेल्यावर आम्हाला म्हणाली, “अहो, आता हुंगून सांगा. पण ‘छान आहे’ एवढं म्हणून मोकळे होऊ नका. छान मलाही म्हणता येतं.”

हे अत्तर लांकोम या फ्रेंच पेढीचे, २०१२ साली बाजारात आलेले. नाव ‘ला व्ही ए बेल’, म्हणजे ‘जीवन सुंदर आहे’. ऑलिव्हिए पोल्ज, डोमिनिक रोपिऑन आणि ॲन फ्लिपो या तिघांनी ते सिद्ध केले. काचेला हसऱ्या ओठांसारखे वळण आहे आणि बाटलीच्या मानेला करड्या, झिरझिरीत फितीची गाठ. अत्तरशास्त्रात वासाचे तीन थर मानतात. हलके रेणू आधी उडून जातात, जड रेणू रेंगाळतात. आम्ही मनगटावर एक फवारा मारला, घड्याळ समोर ठेवले आणि कागद घेऊन बसलो.

पहिल्या थरात फळे. नासपती आणि युरोपातले काळे करंट. करंट आपल्याकडे कोणी ओळखत नाही, तेव्हा लिहिले, “पिकलेली करवंदे पाटीत चेंगरली असता येतो तसा आंबटगोड वास.” ती म्हणाली, “कळलं.” मग तिनेच विचारले, “हिरव्या चाफ्यासारखा का?” प्रश्न मार्मिक होता. हिरवा चाफा पिवळा पडू लागला की फुलाला पिकल्या फळाचा वास येतो. फळ आणि फूल एकत्र करण्याची जी तऱ्हा आज दुकानातून ‘फ्रूटी-फ्लोरल’ म्हणून विकली जाते, ती आपल्या परसात पूर्वीपासून आहे.

वीस मिनिटांनी फुले आली. जाई, संत्र्याचा मोहोर आणि आयरिस. आगरकडे नेमणूक असताना संत्र्यांच्या बागांतून आम्ही दोघे हिंडलो होतो, त्यामुळे मोहोराविषयी अधिक लिहावे लागले नाही. आयरिसची गंमत अशी की तिचा मोलाचा गंध फुलात नसून कंदात असतो, आणि तोही कंद काही वर्षे वाळवल्यावर प्रकटतो. कोरडा, पावडरीसारखा. वेखंडाची जात वेगळी, पण तान्ह्या बाळाला वेखंड लावल्यावर घरात जे वातावरण होते, त्याच्या जवळपासचा.

या सर्वांवर मात करते ती गोडी. जळत्या साखरेचा वास देणारे एथिल माल्टॉल हे कृत्रिम द्रव्य १९९२च्या ‘एंजल’ या अत्तराने सढळ हाताने वापरले. तेव्हापासून स्त्रियांच्या अत्तरांत मिठाईचे दुकान उघडले ते बंद झालेले नाही. इथे व्हॅनिला आहे, प्रालीन आहे. प्रालीन म्हणजे त्यांची चिक्की. आम्ही लिहिले, “संक्रांतीला तू चिक्कीचा पाक करतेस, तो करपण्याआधीचा क्षण.” आमच्या मते हा क्षण या अत्तरात फार लांबतो. आमटीतही बेताचा गूळ घालणाऱ्या बाईला तो मानवेल का, हा शेराही मारला.

तळाशी आहे पाच, म्हणजेच पाचोली. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही पाने घालीत. तिकडच्या स्त्रिया पुढे अस्सल शाल या वासावरून ओळखू लागल्या. ओली माती, जुनी पेटी आणि किंचित कापूर अशी ती पाच दुसऱ्या दिवशी सकाळीही रुमालाला होती. हाच भाग आम्हाला सर्वांत आवडला.

निष्कर्ष असा लिहिला: टिकाऊपणा उत्तम. इंदूरच्या मे महिन्यात लावू नये. थंडीत एक फवारा पुरेसा. बंद मोटारीत दोन म्हणजे सहप्रवाशांवर जुलूम.

सौ.ने टिपण दोनदा वाचले आणि घडी घालून बाटलीच्या खोक्यात ठेवले. मग जे बोलली ते इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. “माणसांत जायला मला भीती वाटते हो. आपल्या अंगाला कसला वास येतोय, हेच मला कळत नाही. घामाचा, तेलाचा, कसलाही असेल. कोण सांगणार?” हळदीकुंकवाची, मंडळाच्या कार्यक्रमांची आमंत्रणे ती गुडघ्याचे निमित्त सांगून का टाळीत होती, ते तेव्हा कळले.

परवा कोजागरीच्या कार्यक्रमाला ती आली. निघताना पदराला एक फवारा मारून दाराशी उभी राहिली आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “करवंद आहे. चिक्की यायची आहे.” मध्यरात्री परतताना रिक्षात तिने हळूच विचारले, “आता?”

“आता पाच उरली आहे.”

तिने पदर नाकाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग नीट सावरून घेतला.