मंजुळा आणि संतू

घाटकोपर स्टेशनच्या पुलाखाली संध्याकाळी उभं राहिलं की आधी वास येतो, फुलं मागाहून दिसतात. वडे तळल्याच्या वासातून, गाड्यांच्या धुरातून, घरी निघालेल्या माणसांच्या घामातून मोगरा आपली वाट काढतो. पायऱ्यांशी पाटी मांडून बसलेली मुलगी गजरा करत असते. डाव्या हाताच्या बोटांत कळ्यांची जोडी, देठाला देठ टेकलेला. उजव्या हातानं दोऱ्याचा एक फेरा, गाठ, की पुढची जोडी. हातांकडे ती बघतही नाही. नजर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर आणि तोंड अखंड चालू. ‘ताई, अबोली घ्या ना, आत्ताच आलीये.’ देरासरकडे निघालेल्या बाई थांबल्या की ‘शुं जोइए, बेन?’ कॉलेजातून परतणाऱ्या पोराशी हिंदी. तीन भाषा, तिन्ही तिच्या पद्धतीच्या, आणि तिन्हींत धंदा चोख.

या मुलीजवळ कुणी प्रोफेसर वही काढून उभा राहिला, तर काय टिपेल? तिचं काय चुकतंय ते टिपेल, की तिला काय काय येतंय ते?

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची सुरुवात अशीच आहे. लंडनचं कोव्हेंट गार्डन, रात्रीचा पाऊस, चर्चच्या ओसरीखाली आडोशाला आलेली माणसं, त्यांत फुलं विकणारी एलायझा, आणि तिचा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेणारा हिगिन्स. काही महिन्यांत या पोरीला उमरावांच्या मेजवानीत सरदारीण म्हणून उभी करतो, अशी तो फुशारकी मारतो. तिथून वरच्या वर्गाच्या चालीरीतींची, उठण्याबसण्याची, चहाच्या कपाची आणि उच्चारांची ती सुप्रसिद्ध कॉमेडी उलगडत जाते. शॉ स्वतः डब्लिनचा. लंडनमध्ये माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं की ऐकणारा त्याची किंमत ठरवून मोकळा होतो, हे त्यानं बाहेरून आलेल्याच्या कानांनी ऐकलं होतं. नाटक १९१२ मध्ये लिहून झालं. त्याचा पहिला प्रयोग मात्र लंडनला झालाच नाही. तो झाला व्हिएन्नाला, १६ ऑक्टोबर १९१३ रोजी, जर्मन भाषेत. इंग्रजी उच्चारांवर बेतलेली ही फुलवाली रंगमंचावर प्रथम बोलली ती परक्या भाषेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही कथा कुठल्याही भाषेत घर करू शकेल, याची खूण पहिल्याच रात्री मिळाली होती.

लंडनचा प्रयोग ११ एप्रिल १९१४ ला, हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये. कोवळ्या वयाच्या एलायझाची भूमिका केली मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी. त्या तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या. हिगिन्स होते थिएटरचे मालक-नट हर्बर्ट बीअरबोम ट्री. तिसऱ्या अंकात नव्या पोशाखातली, नव्या उच्चारांतली एलायझा दिवाणखान्यात बसून सहजपणे रस्त्यावरची एक शिवी हासडते, आणि सभ्य स्त्री-पुरुषांनी भरलेलं ते प्रेक्षागृह मिनिटभराहून अधिक वेळ हसत राहिलं, असं नोंदलेलं आहे. पण खरं भांडण लागलं ते शेवटावरून. शॉची एलायझा प्रोफेसरचं घर सोडून जाते. ट्रीला ते रुचेना. पडदा पडता पडता तो खिडकीतून तिच्याकडे फुलं फेकू लागला, म्हणजे प्रेक्षकांनी लग्न धरून चालावं. शॉ संतापला. १९१६ मध्ये पुस्तकाला पुरवणी जोडून त्यानं बजावलं की एलायझा हिगिन्सशी नव्हे, फ्रेडी नावाच्या तरुणाशी लग्न करते. तरीही १९३८ च्या चित्रपटात ती परत आली. १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’ या अमेरिकन संगीतिकेतही परत आली, आणि प्रोफेसरसाहेब टोपी डोळ्यांवर ओढून तिला सपाता कुठे आहेत म्हणून विचारते झाले. ब्रॉडवेवर त्याचे २७१७ प्रयोग झाले. लेखक कंठशोष करून सांगत होता की ही मुलगी आता कुणाची नाही, आणि जग तिला उचलून पुन्हा त्याच घरात आणून ठेवत होतं.

आता आपल्याकडे या. १९७५ साली इंडियन नॅशनल थिएटरनं पु. ल. देशपांडे यांचं ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आणलं. एलायझाची मंजुळा दगडोबा साळुंके झाली, हिगिन्सचे प्रोफेसर अशोक जहागीरदार झाले. साळुंके आणि जहागीरदार! या दोन आडनावांतच अख्ख्या महाराष्ट्राची उतरंड आली. मंजुळा झाल्या भक्ती बर्वे, जहागीरदार सतीश दुभाषी. त्याच संस्थेनं त्याच दशकात गुजरातीतही ही गोष्ट केली. मधु राय यांनी लिहिलेलं, प्रवीण जोशींनी बसवलेलं ‘संतु रंगीली’. संतू झाल्या सरिता जोशी.

नावं बघा. शॉनं नाटकाला नाव दिलं ते ग्रीक कथेतल्या शिल्पकाराचं, आपण घडवलेल्या पुतळीवरच भाळलेल्या पुरुषाचं. अमेरिकनांनी तिला ‘माझी’ म्हटलं. मराठीनं आणि गुजरातीनं, एकाच संस्थेच्या छपराखाली, नाटक सरळ मुलीच्या नावावर करून टाकलं. मराठीत तर बालकवींची फुलराणीच तिच्या मदतीला आली. हे ठरवून झालं असेल किंवा नसेल. पण आमच्याकडच्या पन्नास वर्षांच्या प्रयोगांचा इतिहास पाहिला की वाटतं, या मातीत हे नाटक शिल्पकाराच्या हातून निसटलं आणि मुलीचं झालं.

भक्ती बर्वेंचंच उदाहरण घ्या. सांगलीत जन्मलेल्या, आकाशवाणीवर निवेदन केलेल्या, मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या. म्हणजे जहागीरदारांनी ज्या मराठीचा ध्यास घेतला, ती त्यांच्या जिभेवर आधीपासून होतीच. त्यांना शिकायची होती ती मंजुळाची बोली. आणि त्या ती अशा शिकल्या की पहिल्या अंकातली मंजुळा ऐकताना ही बाई रात्री बातम्या देते यावर विश्वास बसू नये. तालमीत धडे प्रोफेसरनं मंजुळाला दिले की मंजुळानं भक्तीबाईंना, असा प्रश्न पडावा. सरिता जोशींची गोष्ट तर याहून अद्भुत. माहेरच्या त्या भोसले, मराठी घरातल्या. गुजराती रंगभूमीची ही राणी मराठी मुलगी होती, आणि ती गुजराती प्रेक्षकांसमोर उभी राहून आधी ‘अशुद्ध’ आणि मग ‘शुद्ध’ गुजराती बोलत होती. प्रेक्षकांनी दोन्ही आपलं मानलं. पुढे २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घाटकोपरमध्ये राहणाऱ्या माणसाला या दोघी एकत्रच आठवणार. एका जिन्यावर आमटीच्या फोडणीचा वास आणि ढोकळ्याच्या वाफेचा वास शेजारी शेजारी राहतो, असं हे उपनगर. पंतनगरच्या बोर्डाच्या इमारती, भटवाडीच्या चढावरची सातारा-रत्नागिरीकडची घरं, आणि वल्लभबाग लेन, टिळक रोडकडची गुजराती वस्ती. गुजराती नाटक आमच्याच गावात, झवेरबेन पोपटलाल सभागृहात लागायचं. मराठी नाटकासाठी गाडी धरायची. एका दिशेला मुलुंडचं कालिदास, दुसऱ्या दिशेला दादरचं शिवाजी मंदिर. शेजारच्या बा दुपारी पापड वाळत घालताना संतूची वाक्यं म्हणायच्या आणि आई तांदूळ निवडता निवडता मंजुळाचं उत्तर द्यायची. दोघींनी एकमेकींचं नाटक पाहिलेलं नव्हतं. तरी संभाषण तुटत नसे. गोष्ट एकच होती ना!

आमच्या घरात ‘ण’ नव्हता. पाणी नव्हतं, पानी होतं. लोणी नव्हतं, लोनी होतं. त्यानं ताकाची चव कधी बिघडली नाही. शाळेत गेले आणि कळलं की बिघडते. एका स्नेहसंमेलनात निवेदनासाठी माझं नाव आलं होतं. तीन वेळा ‘आणि’ म्हणायला लावलं, तिन्ही वेळा जीभ दातांमागेच गेली, आणि कागद माझ्या हातून दुसरीच्या हातात गेला. वर्गात जे हसू फुटलं ते अजून ओळखता येतं मला. म्हणून ‘ती फुलराणी’चा पहिला अंक मी कधीच नुसता हसत पाहू शकले नाही. प्रेक्षागृह मंजुळाच्या बोलण्यावर हसतं तेव्हा त्या हशात दोन प्रकार असतात. एक तिच्या हजरजबाबीपणाला दिलेली दाद. दुसरा, आपण तिच्यासारखे बोलत नाही याचं समाधान. पु. लं.ना हे दोन्ही ऐकू येत असणार. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेला, माणसांच्या बोलण्याच्या लकबी जन्मभर कानांत साठवणारा हा लेखक. त्यांनी सगळ्यात चमकदार, सगळ्यात जिवंत भाषा मंजुळाच्या तोंडी घातली, आणि तीही धडे सुरू होण्याआधीची. प्रोफेसरकडे व्याकरण आहे. भाषा तिच्याकडे आहे.

आणि ते स्वगत. प्रोफेसरच्या जाचाला कंटाळलेली मंजुळा एकटी उरते आणि त्याला धडा शिकवायची स्वप्नं रंगवू लागते. शॉच्या संहितेत ही जागा नाही. ‘माय फेअर लेडी’त एलायझाच्या वाट्याला तशा सुडाचं एक गाणं आलं, पण पु. लं.नी मराठीत त्याचं जे केलं ते गाण्याच्या पलीकडचं आहे. रडणं, चिडणं, नकला, हुकूम सोडणं, स्वतःच्याच ऐटीवर खूश होणं, आणि मधूनच लहान पोरीसारखं घाबरणं; एका नटीला जे जे येऊ शकतं ते सगळं काही मिनिटांत मागणारी जागा. महाराष्ट्रातल्या किती मुलींनी गॅदरिंगला, एकपात्री स्पर्धेला, नाट्यशाळेच्या प्रवेशाला हे म्हटलं असेल, त्याची गणतीच नाही. ज्यांनी अख्खं नाटक कधी पाहिलं नाही, त्यांनाही ते पाठ आहे. प्रोफेसरचं एखादं भाषण कुणी गॅदरिंगला म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. दुभाषींसारखा ताकदीचा नट समोर असूनही ते तसंच घडलं, हे महत्त्वाचं. जहागीरदार थोर होते. पण लोकांनी पाठ केली ती मंजुळा.

सतीश दुभाषी १९८० मध्ये अकाली गेले. पु. ल. १२ जून २००० ला गेले. आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. अखेरच्या काळात त्या ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करत असत. नावातही ती मुलगी मधोमध उभी. पण मंजुळा थांबली नाही. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी, प्रत्येकीनं तिला आपला आवाज दिला. २०२३ मध्ये ‘फुलराणी’ नावाचा चित्रपट आला, प्रियदर्शिनी इंदलकर आणि सुबोध भावे यांचा. प्रत्येक वेळी भक्तीबाईंशी तुलना झाली, आणि ती होणारच. मला ती तुलना अन्यायाची वाटते. भूमिका एका नटीची मालमत्ता झाली की मंजुळा पुन्हा कुणाच्या तरी घरात अडकली. तिला नव्या नव्या जिभा मिळत राहिल्या पाहिजेत. मला तर अशी मंजुळा पाहायची आहे, जिच्या घरी खरोखरच ‘ण’ नव्हता. जी वरची भाषा शिकून आली आहे आणि खालची विसरलेली नाही. मंजुळाची बोली तिनं तालमीत उचललेली नसेल, आईकडून आलेली असेल. अशा मुली आज एकांकिका स्पर्धांत दरवर्षी दिसतात, भांडुप-विक्रोळी-घाटकोपरच्या कॉलेजांतून येतात, आणि आपल्या भाषेत लिहिलेलं आपल्या भाषेत करतात. परीक्षक त्यांना आता ‘ण’ म्हणून दाखवायला सांगत नाहीत. हा बदल छोटा नाही.

निर्मात्यांना माझी एक विनंती आहे. मंजुळा आणि संतू एकाच संस्थेनं वाढवलेल्या बहिणी आहेत. त्यांना एकदा एका गावात आणा. झवेरबेन सभागृहात लागोपाठ दोन रात्री, शनिवारी ‘संतु रंगीली’ आणि रविवारी ‘ती फुलराणी’. शनिवारी मराठी घरांनी जावं, रविवारी गुजराती घरांनी. भाषांतराची कानात घालायची यंत्रं नकोत, घाटकोपरला त्यांची गरज नाही. आणि दोन्ही रात्रींची पुढच्या रांगेतली काही तिकिटं स्टेशनच्या पुलाखाली, गजरेवाल्या मुलींकडे आधी पोहोचवा.